ठणका आणि फुटणे : कानाच्या दुखण्यावरील घरगुती उपचारांचा शब्देतिहास

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाट हे गाव बालाघाटाच्या डोंगराळ मुलखात वसलेले आहे. नांदूर हे ग्रामनाम महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळते आणि ते नांदुरकी या वृक्षाच्या नावाशी जोडले जाते. 'घाट' या उत्तरपदामुळे समान नावाच्या इतर गावांपासून या गावाची ओळख वेगळी राहते. या मुलखाच्या बोलीत चालू क्रिया दाखवण्यासाठी 'करायलाय', 'जायलाय' अशी रूपे वापरतात. रात्री एखादे लेकरू रडत उठले आणि त्याचा हात वारंवार कानाकडे जाऊ लागला, म्हणजे घरातील वयस्क बाई "लेकराचा कान ठणकायलाय" असे म्हणते. त्यानंतर एकदोन दिवसांनी लेकरू शांत झोपले आणि सकाळी वाकळेवर पिवळसर ओला डाग दिसला, तर तीच बाई "कान फुटलाय" असे म्हणते. या दोन वाक्यांमध्ये कानाच्या दुखण्याचा जवळजवळ संपूर्ण इतिहास सामावलेला आहे. मात्र पहिल्या वाक्यानंतर जो उपचार केला जातो तोच दुसऱ्या वाक्यानंतरही पुष्कळ घरांत चालू राहतो. भाषेने दोन अवस्थांना दोन नावे दिली असता उपचार एकच का राहिला, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

प्रथम 'ठणकणे' हा शब्द घेऊ. संस्कृत वैद्यकात या व्याधीचे नाव कर्णशूल असे आहे. शूल म्हणजे सूळ, टोकदार शस्त्र. ते आत खुपसल्यासारखी वेदना म्हणजे शूल. मराठीत पोटशूळ हा शब्द रुळला, तथापि 'कानशूळ' असा शब्द घरगुती बोलण्यात कोणी सहसा वापरत नाही. तेथे ठणका, सणक, ठसठस असे अनुकरणवाचक शब्द येतात. त्यांतही ठणका हा विशेष लक्षणीय आहे. धातूवर धातू आपटल्याचा जो ठणठण असा आवाज, त्याच ध्वनीवरून हे क्रियापद बनलेले दिसते. नाडीच्या ठोक्यागणिक उसळणारी वेदना ही घण पडल्यासारखी भासते, म्हणून ती 'ठणकते'. पोटात कळ येते, डोके भणभणते, पाय वळतात, गळू ठणकते आणि कान ठणकतो. म्हणजे बंदिस्त जागी पू साठून ताण पडला असता जी वेदना होते, तिच्यासाठी मराठीने हे क्रियापद राखून ठेवलेले आहे. गळू आणि कान यांना एका क्रियापदाखाली आणणाऱ्या भाषेने या दोहोंतील साम्य शरीरशास्त्र न शिकता ओळखले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

'फुटणे' हा शब्द याच साम्याचा पुढचा टप्पा होय. संस्कृत स्फुट् या धातूपासून प्राकृतातून आलेले हे क्रियापद मडके, कळी, पालवी, फोड आणि गळू या सर्वांस लागते. गळू पिकते, मग फुटते, मग निचरा होऊन बसते. कानाच्या बाबतीतही तेच घडते. नाकाच्या मागील भागापासून मध्यकर्णापर्यंत एक अरुंद नलिका जाते. सोळाव्या शतकात बार्तोलोमेओ युस्ताकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने तिचे सविस्तर वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. लहान मुलांत ही नलिका आखूड आणि आडवी असते. त्यामुळे पडशाचा संसर्ग तिच्यातून सहज कानात शिरतो. कानाच्या पडद्यामागे पू साठतो, पडदा ताणला जातो आणि तो ताण असह्य झाला की पडद्यास छिद्र पडते. पू बाहेर येतो आणि ठणका जवळजवळ तत्काळ थांबतो. 'कान फुटला' हे वर्णन अक्षरशः खरे आहे. आत एक पडदा खरोखरच फुटलेला असतो.

परंतु येथेच शब्दाने घात केला, असे दिसते. गळू फुटले म्हणजे दुखणे संपले, हा अनुभव त्या क्रियापदाबरोबर कानाकडे आला. कानाच्या बाबतीत मात्र फुटण्याने एक दुखणे संपते आणि दुसरे सुरू होण्याचा संभव असतो. पुष्कळ मुलांत ते छिद्र काही आठवड्यांत आपोआप भरून येते. काहींत ते तसेच राहते, आणि प्रत्येक पडशाबरोबर किंवा कानात पाणी गेल्याबरोबर कान पुन्हा वाहू लागतो. ही दुसरी अवस्था वेदनारहित असते. जेथे वेदना नाही तेथे आजारही नाही, अशी घरची समजूत होते. तीत भर अशी की ठणका सुरू झाल्यावर जे काही कानात घातले गेले, त्यानंतर एकदोन दिवसांत ठणका थांबलेला असतो. खरे पाहता बहुसंख्य मुलांचा ठणका दोनतीन दिवसांत स्वभावतःच ओसरतो, आणि काहींचा कान फुटल्यामुळे थांबतो. दोन्ही प्रसंगी यशाचे श्रेय तेलालाच जाते. शतकानुशतके एखादा उपचार टिकून राहण्यास एवढा पुरावा कोणत्याही समाजाला पुरेसा वाटला असता.

आता ग्रंथांकडे वळू. चरकाने कर्णरोगाचे चार प्रकार मानले, वाग्भटाने पंचवीस आणि सुश्रुताने अठ्ठावीस. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील विसावा अध्याय कर्णरोगांच्या लक्षणांचा आणि एकविसावा त्यांच्या उपचारांचा आहे. तेथे कर्णशूल हा स्वतंत्र रोग आहे, कर्णस्राव स्वतंत्र आहे आणि दुर्गंधी स्राव असलेला पूतिकर्ण हाही स्वतंत्र आहे. कर्णस्रावाची कारणे म्हणून डोक्यास मार लागणे, पाण्यात बुडी मारणे आणि आतील विद्रधी पिकणे अशी तीन दिलेली आहेत. त्यांतील तिसरे कारण म्हणजेच मराठीतील 'फुटणे'. उपचारांतही भेद केलेला आहे. शूलासाठी कोमट रस आणि तेले कानात घालावयाची; स्राव असता मात्र पुसणे, धुणे, धुरी देणे, चूर्ण वापरणे असे उपाय येतात, आणि ते रुग्णाची स्थिती पाहून योजण्याची सूचना येते. पूरण तेथेही आहे, हे लपवण्याचे कारण नाही. पण ते अनेकांपैकी एक आहे आणि साफसफाईच्या सोबतीने येते. शिवाय सर्व कर्णरोगांसाठी जे सामान्य पथ्य सांगितले आहे, त्यात डोक्यावरून स्नान न करणे आणि फार न बोलणे यांचा समावेश आहे. "डोक्यावरून पाणी घेऊ नको" ही आजीची ताकीद या पथ्याचीच घरगुती आवृत्ती होय, आणि ती आजच्या वैद्यकालाही मान्य होण्यासारखी आहे.

शूलावरील द्रव्यांची यादी भाषाभ्यासकाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. सुश्रुताच्या यादीत लशुन, आर्द्रक, मूलक, कदली, कपित्थ, मातुलुंग यांचे रस येतात. मराठीत हेच शब्द लसूण, आले, मुळा, केळ, कवठ, महाळुंग या रूपांनी नांदत आहेत. त्यांची परंपरा प्राकृतातून अखंड चालत आलेली आहे. द्रव्यांची नावे वारशाने आली, परंतु रोगाचे नाव आले नाही. कर्णशूल गेला आणि त्याच्या जागी ठणका आला. कर्णस्राव गेला आणि त्याच्या जागी फुटणे व वाहणे आले. यावरून असे अनुमान करता येते की औषधे हातांहाती, परसातून चुलीपर्यंत आणि सासूकडून सुनेकडे संक्रमित झाली, तर निदानाचा भाग ग्रंथातच राहिला आणि घराने आपले निदान आपल्या शब्दांत नव्याने घडवले. ते निदान चुकीचे नव्हते. परंतु ग्रंथात निदानाशी उपचाराची जी सांगड होती ती या संक्रमणात तुटली.

सांगड तुटली तरी कृतीचे बारकावे किती निष्ठेने टिकले, याचे उत्तम उदाहरण रुईच्या पानाचे आहे. बालाघाटाच्या माळरानावर, बांधांवर आणि गावठाणाच्या कडेला रुई मुबलक उगवते. शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ घालतात. कान ठणकू लागला म्हणजे तिचे पिवळे पडलेले पान आणावयाचे, त्यास तूप किंवा तेल चोपडावयाचे, तव्यावर अगर निखाऱ्यावर ते शेकून मऊ करावयाचे आणि त्याचा कोमट रस कानात पिळावयाचा, अशी ही कृती आहे. मध्ययुगीन वैद्यकसंग्रहांत हीच कृती पान पिकून पिवळे झालेले असावे या अटीसह आलेली आहे. ही अट निरर्थक नाही. रुईचे हिरवे पान खुडताच देठातून पांढरा चीक ठिबकतो आणि तो त्वचेस दाहक व डोळ्यांस अत्यंत घातक असतो. आपोआप पिवळे पडून गळावयास आलेले पान तसे ठिबकत नाही. सुश्रुताने रुईच्याच कोवळ्या अंकुरांची आणखी एक कृती दिली आहे. ते अंकुर आंबट द्रवात वाटून, तेल व मीठ लावून निवडुंगाच्या पोखरलेल्या कांड्यात भरावयाचे, वरून त्याचीच पाने गुंडाळून पुटपाकाने शिजवावयाचे आणि त्याचा रस काढावयाचा. ही खटपट कोणत्याही घराने जतन केलेली दिसत नाही. चूल आणि तवा यांवर जे होऊ शकले तेवढेच उरले.

तेलाची गोष्ट याहून साधी आहे. मराठवाड्यात खाण्याचे तेल म्हणजे दीर्घकाळ करडीचे तेल होते. त्यात लसणाच्या दोन पाकळ्या तांबूस होईतो तळून, तेल निवल्यावर दोनतीन थेंब कानात सोडणे हा सर्वांत प्रचलित उपाय. तेल किती गरम असावे याचे माप संस्कृतात 'सुखोष्ण' या शब्दाने दिले जाते, म्हणजे सुख वाटेल इतपत उष्ण. मराठीत 'सोसेल इतके'. दोन्ही शब्दांत मापाचा निकष रुग्णाची संवेदना हाच आहे. तथापि तान्ह्या मुलाला आपली संवेदना सांगता येत नाही, म्हणून बाई तो थेंब आधी आपल्या मनगटावर टाकून पाहते.

शार्ङ्गधराच्या संहितेत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास, या पूरणविधीचे नियम बांधलेले आढळतात. रुग्णाने कुशीवर निजावे, कानाच्या आसपास शेक द्यावा आणि मग कोमट द्रव भरावा. वनस्पतींचे रस जेवणापूर्वी घालावे, तेल मात्र सूर्यास्तानंतर. द्रव किती काळ धरावा तेही ठरलेले होते. कानाच्या रोगात शंभर मात्रा, कंठरोगात पाचशे, शिरोरोगात हजार. गुडघ्याभोवती हात फिरवून एक चुटकी वाजवण्यास लागणारा वेळ म्हणजे एक मात्रा. चुटक्या मोजणारे आज कोणी भेटणार नाही. पण कानात तेल घालावयाचे ते दिवेलागणीनंतर, निजतेवेळी आणि कुशीवर निजवूनच, हा प्रघात सर्वत्र आहे, आणि त्याचे कारण विचारले असता "तसेच घालतात" एवढेच उत्तर मिळते.

या साऱ्यांत खरा आराम देणारा भाग कोणता, असे विचारले तर शेक हाच होय. तव्यावर तापवलेल्या मिठाची किंवा ओव्याची पुरचुंडी कानामागे धरली असता कानात काहीच जात नाही आणि वेदना काही काळ सुसह्य होते. घरगुती उपचारांच्या चर्चेत शेकाला नेहमी दुय्यम स्थान मिळते, ते बहुधा त्यात 'औषध' म्हणून दाखवण्यासारखे काही नसल्यामुळे. कानात किडा शिरला असता तेल घालणे हाही असाच एक रास्त उपाय आहे. पडदा शाबूत असेल तर तेलाने किडा मरतो आणि त्याची आतील धडपड थांबते. सुश्रुतानेही किड्यांनी पीडित कानासाठी मोहरीचे तेल सांगितले आहे.

'आजीबाईचा बटवा' या शब्दप्रयोगाने मात्र एक गैरसमज पसरवला आहे. तो बटवा फार प्राचीन काळी एकदाच भरला गेला आणि मग त्याची नाडी ओढली गेली, असे त्यावरून वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. कानदुखीवर महाराष्ट्रात सर्रास सांगितला जाणारा एक उपाय म्हणजे झेंडूच्या पानांचा रस. झेंडू ही मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिका येथील वनस्पती आहे. ती भारतात आली ती पोर्तुगीजांच्या आगमनानंतर. त्यामुळे चरक-सुश्रुतांस तो ठाऊक असणे शक्यच नव्हते, आणि म्हणूनच त्याच्या नावामागे लसूण किंवा आले यांच्यामागे आहे तशी संस्कृत वंशावळ नाही. पानफुटी हीसुद्धा मादागास्करकडून आलेली. कानात बिडीचा किंवा चिलमीचा धूर फुंकण्याची रीतही याच नव्या भरतीतील आहे. तंबाखू अमेरिकेतून आली. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग याने ती विजापुराहून अकबराच्या दरबारात नेल्याचा वृत्तांत प्रसिद्ध आहे, म्हणजे दख्खनला तिची ओळख उत्तरेच्या आधी झाली होती. धुरी देण्याची कल्पना जुनी, धूर मात्र नवा. (चुलीच्या आणि तंबाखूच्या धुरात वाढणाऱ्या मुलांना मध्यकर्णाचा संसर्ग अधिक होतो, हे आता सिद्ध झालेले आहे. त्यामुळे या उपायात जो विरोधाभास आहे तो वेगळा सांगावयास नको.) आजींनी नवी झाडे परसात आली तशी ती बटव्यात घातली, यावरून त्यांची प्रयोगशीलताच दिसते. जुन्याच्या अभिमानापोटी झेंडूला वैदिक ठरवणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.

बीड जिल्हा १९४८ सालापर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तेथे यूनानी वैद्यकास राजाश्रय होता. हकीम, इलाज, दवा, मलम, जुलाब, अर्क, गुलकंद हे अरबी-फारसी शब्द मराठीत याच वाटेने आणि त्याआधीच्या दख्खनी राजवटींच्या वाटेने रुळले. परंतु कानाच्या दुखण्याच्या घरगुती शब्दसंग्रहाकडे पाहता कान, मळ, पू, लस, बोळा, ठणका, दडे ही नावे आणि घालणे, पिळणे, शेकणे ही क्रियापदे अशी सर्व मराठीच राहिलेली आहेत. हकिमाकडे पुरुष गेला असेल; रात्री लेकराला मांडीवर घेऊन बसणारी बाई चुलीपाशीच होती, आणि तिच्या शब्दांत दरबारी भाषेला वाव मिळाला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून छापील मराठीत आयुर्वेदीय उपचारांचे वाङ्मय वाढू लागले. शंकर दाजीशास्त्री पदे (१८६७–१९०९) यांनी 'आर्यभिषक्' हे मासिक चालवून आणि वनस्पतींवर विस्तृत लेखन करून या वाङ्मयास मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्यासारख्यांची दृष्टी विवेचक होती. परंतु त्यांच्या मागोमाग निघालेल्या स्वस्त औषधीपुस्तिकांत आणि पंचांगांच्या शेवटच्या पानांवर 'कान दुखणे' असा एकच मथळा आला आणि त्याखाली सात-आठ उपाय ओळीने छापले गेले. मौखिक परंपरेत निदान आणि उपचार यांची सांगड सैल झाली होती. छापील यादीने ती नाहीशीच केली. यादीत पाहून ठरवण्याची सूचना नसते.

मराठीच्या वाक्प्रचारांत या उपचारांचे जे ठसे उमटले आहेत ते पाहण्यासारखे आहेत. तेल घातल्यावर ते बाहेर येऊ नये म्हणून कानात कापसाचा बोळा बसवतात. त्यावरून 'कानात बोळे घालून बसणे' म्हणजे ऐकून न ऐकल्यासारखे करणे असा अर्थ रूढ झाला. हिंदीत तर कानात तेल घालून बसणे याचाच असा अर्थ होतो. उलट डोळ्यांत तेल घालणे म्हणजे मराठीत अत्यंत सावध राहणे. तेच तेल डोळ्यांत जागे ठेवते आणि कानात बहिरे करते! 'कान भरणे' हा शब्दप्रयोग तर कर्णपूरणाचे शब्दशः भाषांतर वाटावा. त्याचा अर्थ मात्र कोणाविषयी मन कलुषित करणे असा झाला आहे. आणि ज्याला हाक ऐकू येत नाही त्याच्यावर लोक "कान फुटले का तुझे?" असे खेकसतात. या शेवटच्या प्रयोगाचे महत्त्व विशेष आहे. आजाराचे नाव म्हणून उच्चारताना जो 'फुटणे' शब्द सुटकेचा अर्थ वागवतो, तोच रागाने उच्चारताना बहिरेपणाचा अर्थ सांगतो. फुटलेला कान बहिरा होतो हे ज्ञान भाषेत होते. ते शिवीगाळीत राहिले आणि उपचारापर्यंत पोहोचले नाही.

हे केवळ मराठीच्या वाट्याला आले असे नाही. रोमन लेखक सेल्ससने इसवी सनाच्या पहिल्या शतकात कानात घालावयाच्या कोमट तेलांची व रसांची लांबलचक यादी दिली आहे, आणि कानाच्या दाहातून वेड किंवा मृत्यूही ओढवतो असा इशाराही त्याच ठिकाणी दिला आहे. तो इशारा खरा होता. कानामागील हाडात आणि तेथून मेंदूच्या आवरणात पू पसरून मुले दगावत; १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलीन उपलब्ध होईपर्यंत या मार्गावर शस्त्रक्रियेखेरीज फारसा अडसर नव्हता.

आजचे वैद्यक फुटलेल्या कानाबाबत काय सांगते? पडद्यास छिद्र असेल तर कानात तेल, रस, दूध, पाणी यांपैकी काहीही घालू नये, कारण ते थेट मध्यकर्णात जाते आणि आपल्याबरोबर जंतू नेते. कान कोरडा ठेवावा. पू येत असेल तर स्वच्छ, पाणी शोषणाऱ्या कापडाची वात वळून ती कानात हलकेच ठेवावी, भिजली की काढून टाकावी आणि वात कोरडी निघेपर्यंत असे करावे. औषधाचे थेंब घालावयाचे ते वैद्यकीय सल्ल्याने. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९० नंतरच्या दशकात बालरोगांच्या एकत्रित उपचाराची जी पद्धती तयार केली, तीत या वातीला महत्त्वाचे स्थान आहे. येथे सुश्रुताने सांगितलेल्या प्रमार्जनाची, म्हणजे पुसून घेण्याची, आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्याच्याच ग्रंथात दुसरीही एक वात आहे. बृहत्पंचमुळांच्या काष्ठास क्षौमवस्त्र गुंडाळून, ते तेलात भिजवून पेटवावयाचे आणि ठिबकणारे तेल कानात घालावयाचे. याला दीपिकातैल म्हणतात. एक वात कानात तेल नेते, दुसरी कानातून पू बाहेर काढते. पहिली ठणक्यासाठी होती आणि दुसरी वाहत्या कानासाठी. घराघरांत टिकली ती तेल नेणारी.

जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात दीर्घकाळ वाहणाऱ्या कानाचे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे शेकडा चाराहून अधिक, असलेल्या देशांत भारताची गणना केली आहे. भारत सरकारचा बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला. केज तालुक्याच्या शेजारी अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे शासकीय ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे उपाय फार दूर नाही. परंतु बीड जिल्ह्याचे जीवन एका जागी स्थिर नाही. पावसाळा सरला की येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या मुलखात जातात आणि हिवाळाभर फडाशेजारच्या कोप्यांत राहतात. थंडी, धूर, पडसे आणि पहाटेपासून फडात असलेली आई. कान फुटण्यास याहून अनुकूल परिस्थिती कल्पिता येणार नाही. त्या बिऱ्हाडात तेलाची बाटली असते आणि लसूण असतो. आठवडाभर रोज तीनदा वात बदलावयास मोकळे हात नसतात. या बाईने तेल घातले तर तो तिच्या अज्ञानाचा पुरावा मानणे उचित नाही. तिच्या दिवसात जेवढा वेळ आहे तेवढ्यात बसणारा तो एकमेव उपचार आहे.

आरोग्यसेविकेने अशा आईस विचारावयाचे प्रश्न थोडे आहेत. कान दुखतो का? कान वाहतो का? वाहत असेल तर किती दिवसांपासून? चौदा दिवसांहून अधिक वाहणारा कान हा दीर्घकालीन आजार समजावा, असा या पद्धतीत संकेत आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक आईजवळ तत्काळ असते. ठणक्याची रात्र ती विसरत नाही. तिसऱ्या प्रश्नाशी मात्र ती अडखळते, कारण वाहण्याचे दिवस मोजण्याची रीत घरात कधी नव्हती. ठणक्याला रात्री असतात, वाहण्याला फक्त ऋतू असतो: "पावसाळ्यात वाहतो त्याचा कान."

याच्या पुढची अडचण भाषेची आहे. मराठीत 'ऐकणे' या एका क्रियापदाचे दोन अर्थ होतात. कानावर पडणे आणि सांगितलेले मानणे. ज्या मुलाचा कान वर्षानुवर्षे वाहतो त्याची श्रवणशक्ती हळूहळू मंदावते. ते बोलावल्यावर वळून पाहत नाही, वर्गात मागे बसले तर गुरुजींचे अर्धे वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचते, स-श, ट-ठ यांसारख्या जवळच्या ध्वनींत त्याचा गोंधळ होतो आणि लिहिण्यातही तोच गोंधळ उतरतो. घरी आणि शाळेत त्याच्याविषयी एकच वाक्य उच्चारले जाते: "पोरगं ऐकत नाही." हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि पहिल्या अर्थाने खरेही आहे, बोलणाऱ्याच्या मनात मात्र दुसरा अर्थ असतो, आणि म्हणून त्या वाक्यानंतर त्या मुलाचा कान तपासला जाण्याऐवजी बहुधा पिळला जातो.